हत्तीनं खाल्लेलं कवठ आणि तांब्याचा कण

गेल्या अंकात धातूंच्या गंजण्यावर लेख होता. त्यातलं एक वाक्य असं: ‘काही धातूंचे नॅनोकण ऑक्साइड होताना आतून पोकळ होतात.’ सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेली बहुतेक पत्रं या एकाच वाक्यावर आहेत, म्हणून या वेळचं प्रश्नोत्तरांचं सदर त्यालाच दिलं आहे.

प्रश्न (बी.एस्सी.चा विद्यार्थी, कराड): लोखंड गंजलं की फुगतं. जुन्या स्लॅबमधली सळई गंजून वरचं सिमेंट फुटतं, हे सगळ्यांनी पाहिलंय. मग ऑक्साइड होताना कण आतून रिकामा कसा होईल? जागा तर जास्तच लागणार ना?

जागा जास्त लागते हे खरंच आहे. तांब्याचं क्युप्रस ऑक्साइड (तांबडं, कमी ऑक्सिजनचं) झालं की ते मूळ तांब्याच्या सुमारे १.६५ पट जागा घेतं. लोखंडाचा तांबडा ऑक्साइड तर दुपटीहून जास्त. पण ही वाढीव जागा आतल्या अंगाला घेतली जाते की बाहेरच्या, हा वेगळा प्रश्न आहे, आणि पोकळी त्यावर ठरते.

धातूवर ऑक्साइडचा पहिला पापुद्रा बसला की धातू आणि हवेची थेट गाठ पडत नाही. क्रिया पुढे चालू राहायची तर दोघांपैकी कुणीतरी तो पापुद्रा ओलांडला पाहिजे. एक तर ऑक्सिजन आत येईल, नाहीतर धातूचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, बाहेर जातील. तांबं, जस्त, निकेल, कोबाल्ट, लोखंड यांच्या ऑक्साइडमधून धातूचे आयन भराभर बाहेर सरकतात आणि ऑक्सिजन रेंगाळतो. त्यामुळे नवं ऑक्साइड बाहेरच्या अंगाला चढत जातं आणि आतला धातू उपसला जातो. बाहेर गेलेल्या अणूमागे आत एक रिकामी जागा उरते. अशा जागा धातू आणि ऑक्साइडच्या सीमेवर गोळा होतात, एकमेकींत मिसळतात, आणि त्यांची पोकळी होते.

संस्कृतात ‘गजभुक्त कपित्थ’ असा एक न्याय आहे. हत्तीनं गिळलेलं कवठ अखंड बाहेर पडतं, फोडून पाहावं तर आत गर नाही. आपल्या कणाची गत तीच. फरक इतकाच की इथे गर कुणी खाल्लेला नसतो, त्याचंच कवच झालेलं असतं.

हिशोब करून पाहा. २० नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) व्यासाचा तांब्याचा कण घ्या. सगळं तांबं बाहेर गेलं आणि ऑक्सिजन आत मुळीच आला नाही असं धरलं, तर मूळ कणाइतकीच, म्हणजे २० नॅनोमीटरची पोकळी उरेल आणि तिच्याभोवती १.६५ पट आकारमानाचं कवच बसेल. बाहेरचा व्यास येतो सुमारे २८ नॅनोमीटर, कवचाची जाडी सुमारे ४. प्रत्यक्षात पोकळी याहून लहान भरते, कारण थोडा ऑक्सिजन आत येतोच आणि काही रिकाम्या जागा पृष्ठभागावर जाऊन विरून जातात. ‘कण फुगला’ आणि ‘कण पोकळ झाला’ ही दोन्ही विधानं मात्र एकाच कणाबद्दल खरी ठरतात.

मग जाड सळईत अशी एकच मोठी पोकळी का दिसत नाही? मोठ्या धातूत स्फटिकांच्या सीमा आणि रचनेतले दोष अमाप असतात. रिकाम्या जागा तिथे गिळल्या जातात, उरलेल्या बारीक छिद्रांच्या रूपानं विखुरतात. नॅनोकणात त्यांना पळायला वाव नसतो. (स्लॅबमधली सळई पाण्याच्या मध्यस्थीनं गंजते, तिथे लोखंड विरघळून दुसरीकडे साचतं, तो प्रकार वेगळा.)

या असमान वेगाला कर्केंडॉल परिणाम म्हणतात. अर्नेस्ट कर्केंडॉल आणि ॲलिस स्मिगेल्स्कास यांनी १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ऑक्सिजनचा संबंधच नव्हता. ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असलेल्या पितळेच्या ठोकळ्यावर मॉलिब्डेनमच्या बारीक तारा ठेवल्या, त्यावर तांब्याचा जाड मुलामा चढवला आणि सगळं ७८५ अंश सेल्सिअसला ५६ दिवसांपर्यंत तापवलं. दोन बाजूंच्या तारा एकमेकींकडे सरकल्या. जस्त जेवढ्या वेगानं बाहेर गेलं तेवढ्या वेगानं तांबं आत आलं नाही, म्हणून आतलं पितळ आक्रसलं. तोवर समजूत अशी होती की शेजारचे दोन अणू सरळ अदलाबदल करतात. तसं असतं तर तारा हलल्याच नसत्या. अशा असमान सरकण्यानं पडणारी छिद्रं धातूकाम करणाऱ्यांना पुढे डोकेदुखीच वाटत आली, कारण जोड त्यांनी कमकुवत होतो. त्यांचा उपयोग करून घ्यायचं २००४ साली यादोंग यिन, पॉल ॲलिव्हिसाटोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्कलीत दाखवलं. द्रावणातल्या कोबाल्टच्या नॅनोकणांवर गंधक किंवा ऑक्सिजनची क्रिया करून त्यांनी पोकळ कण मिळवले.

प्रश्न (तांब्याच्या भांड्यांचे व्यावसायिक, वाई): भांडं लाल तापवून पाण्यात बुडवलं की काळी खपली आपोआप सुटते. खपलीची आतली बाजू तांबडी असते. याचा या पोकळीशी काही संबंध?

आहे. वरचा काळा थर क्युप्रिक ऑक्साइडचा, आतला तांबडा क्युप्रस ऑक्साइडचा. तांबं या थरांतून वर जात राहतं आणि खपलीच्या बुडाशी बारीक छिद्रं राहतात, त्यामुळे तिची पकड आधीच सैल झालेली असते. पाण्यात बुडवल्यावर तांबं झपाट्यानं आक्रसतं, ऑक्साइड तेवढं आक्रसत नाही, आणि खपली उडते. भांडं जास्त वेळ लाल ठेवलं तर खपली जाड येते आणि मोठ्या तुकड्यांनी सुटते. तेवढं तांबं गेलं असं समजा.

प्रश्न (एम.एस्सी. रसायनशास्त्र, सातारा): प्रकल्पासाठी कॉपर सल्फेट आणि ॲस्कॉर्बिक ॲसिडपासून तांब्याचे नॅनोकण केले. ८० अंशांच्या ओव्हनमध्ये रात्रभर वाळवले आणि मफल फर्नेसमध्ये ३०० अंशांना दोन तास ठेवले. टीईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) एकही पोकळ कण नाही, सगळे भरीव आणि एकमेकांना चिकटलेले. चूक कुठे झाली?

चुका तीन आहेत, आणि पहिली भट्टीच्या आधीच झाली. तांब्याचे नॅनोकण उघड्या ओव्हनमध्ये ८० अंशांना रात्रभर ठेवले, म्हणजे ऑक्सिडेशन तिथेच सुरू झालं, तेही तुमच्या नोंदीबाहेर. भट्टीत गेलं ते तांबं नव्हतं, अर्धवट ऑक्साइड होतं. धुतलेला गाळ व्हॅक्यूम डेसिकेटरमध्ये (हवा काढलेल्या कोरड्या भांड्यात) खोलीच्या तापमानाला वाळवा आणि त्याच दिवशी पुढच्या कामाला घ्या.

दुसरी चूक तापमानाची. तांब्याची पोकळी १०० ते १५० अंशांच्या टप्प्यात बनते. २०० च्या पुढे क्युप्रसचं क्युप्रिक ऑक्साइड होऊ लागतं, आणि ३०० च्या आसपास बनलेली पोकळी परत मिटते. पोकळ कण ही मुळात अस्थिर वस्तू आहे. त्याला आत आणि बाहेर असे दोन पृष्ठभाग सांभाळावे लागतात, आणि अणूंना हालचालीची मुभा मिळताच तो आतला पृष्ठभाग मोडीत काढतो. तुमच्या सॅम्पलमध्ये पोकळी बनलीच नसेल असं नाही; बनून मिटली असण्याचीही शक्यता आहे, आणि दोन तासांनंतरच्या फोटोत या दोन गोष्टी सारख्याच दिसतात. म्हणून शेवटचं एकच सॅम्पल काढू नका, मधले टप्पे काढा.

तिसरी चूक कणांच्या गर्दीची. क्रूसिबलमध्ये पावडरचा ढीग केला की मधे उष्णता कोंडते. ऑक्सिडेशन स्वतः उष्णता सोडतं, त्यामुळे फर्नेसचा आकडा १५० दाखवत असला तरी ढिगाच्या पोटात तापमान कितीतरी वर गेलेलं असतं. कण चिकटतात ते तिथेच. पावडर चपट्या बोटीत (नावेच्या आकाराच्या तापवायच्या भांड्यात) अगदी पातळ पसरा. नॅनोतांब्याची कोरडी पावडर ढिगात धुमसूही शकते, तेव्हा मास्क लावा आणि एका वेळी शंभर मिलिग्रॅमच्या वर घेऊ नका.

आता पुन्हा करताना बॅच मोठी घ्या, म्हणजे एकाच मालाचे पाच वाटे करता येतील. २५० मिली ऊर्ध्वपातित पाण्यात १.२५ ग्रॅम कॉपर सल्फेट पेंटाहायड्रेट आणि सुमारे ५ ग्रॅम पीव्हीपी (कण चिकटू न देणारं पॉलिमर) विरघळवा, ८० अंशांवर आणा. दुसऱ्या २५० मिली पाण्यात ८.८ ग्रॅम ॲस्कॉर्बिक ॲसिड घ्या आणि ते ढवळत हळूहळू घाला. निळा रंग हिरवट होतो, मग पिवळा, नारिंगी, आणि शेवटी विटकरी-तपकिरी. पुष्कळ जण नारिंगीवर थांबतात. पिवळ्या-नारिंगी टप्प्यावर हातात असतं ते बहुतांशी क्युप्रस ऑक्साइड. त्यातून पोकळ कण निघणार कसा, उपसायला आत धातूच नाही! विटकरी रंग पक्का बसेपर्यंत ढवळत राहा, दोन-तीन तास लागू शकतात. मग सेंट्रिफ्यूज करून तीनदा पाण्यानं, दोनदा इथेनॉलनं धुवा. पीव्हीपी राहिलं तर ते कणांवर गोधडीसारखं बसतं आणि ऑक्सिजन अडवतं. शिवाय पुढे वजनाचा हिशोबही बिघडवतं.

तांबं निघेल जास्तीत जास्त ३१८ मिलिग्रॅम. धुण्यात काही जाणारच. पाच वाटे करा आणि एकेक वाटा एक तास हवेत ठेवा: १००, १२५, १५०, २०० आणि ३०० अंश. शेवटचा वाटा मुद्दाम बिघडवायचा आहे, तुलनेसाठी.

टीईएमला धावण्याआधी तराजू वापरा. तांब्याचं पूर्ण क्युप्रस ऑक्साइड झालं तर वजन १२.६ टक्के वाढतं, क्युप्रिक झालं तर २५.२ टक्के. म्हणजे ६० मिलिग्रॅमचे ६७.६ झाले तर पहिलं, ७५ च्या घरात गेले तर दुसरं. दशांश मिलिग्रॅमचा तराजू हवा, आणि पावडर डेसिकेटरमध्ये थंड झाल्यावरच तोला. गरम बोट तराजूवर ठेवली की आकडा नाचतो. वाढ १२.६ पेक्षा बरीच कमी असेल तर गाभ्यात तांबं शिल्लक आहे, वेळ वाढवा. वजन उलट घटलं तर पीव्हीपी किंवा ओलावा गेला आहे आणि तो वाटा हिशोबाला निकामी.

मग एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखायची तपासणी), जी कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात करून घेता येईल. कॉपर के-अल्फा किरणांवर धातूरूप तांब्याच्या रेषा ४३.३ आणि ५०.४ अंशांच्या कोनाला येतात, क्युप्रसच्या ३६.४ आणि ४२.३ ला, क्युप्रिकच्या ३५.५ आणि ३८.७ ला. नॅनोकणांच्या रेषा रुंद असतात, त्यामुळे ४२.३ आणि ४३.३ एकमेकींत मिसळून फसवतात. निर्णय ५०.४ वरून घ्या: ती रेषा आहे तर तांबं आहे. पोकळ कणाची आणखी एक खूण म्हणजे शेररच्या सूत्रानं (रेषेच्या रुंदीवरून) येणारा स्फटिकाचा आकार टीईएममधल्या कणापेक्षा बराच लहान निघतो, कारण कवच बारीक स्फटिकांच्या तुकड्यांचं असतं. ही खूण एकट्यानं पुरावा होत नाही. भरीव पण अनेक स्फटिकांचा कणही तसाच आकडा देतो.

टीईएममध्ये कडा गडद आणि मध्य फिका दिसला पाहिजे. ग्रिड (नमुना ठेवायची जाळी) २०-३० अंशांनी तिरपी करून तोच कण पुन्हा पाहा. गोल पोकळी कुठूनही पाहिली तरी गोलच दिसते. मधे खळगा पडलेली चकती असेल तर आकार बदलतो. आणि कण फार वेळ बीमखाली ठेवू नका, इलेक्ट्रॉनच्या माऱ्यानंही पोकळ्या हलतात.

मूळ कण ५०-१०० नॅनोमीटरच्या पुढे असतील तर एक स्वच्छ पोकळी मिळेल अशी आशा धरू नका. तिथे आधी सीमेवर पुष्कळ बारीक छिद्रं पडतात आणि गाभा-कवचाच्या मधे बैलगाडीच्या चाकातल्या आऱ्यांसारखे धातूचे पूल राहतात. त्याच पुलांवरून उरलेलं तांबं बाहेर जातं. पूल लवकर तुटले तर आत एक सुटी गोळी अडकून राहते, खुळखुळ्यासारखी. असा माल सच्छिद्र म्हणून वापरता येतो, पण अहवालात ‘पोकळ’ लिहू नका.

प्रश्न (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, सांगली): टायटॅनियमचे पोकळ ऑक्साइड कण याच पद्धतीनं होतील का? आणि खोलीच्या तापमानालाच हवेत ठेवून चालणार नाही का, भट्टी कशाला?

टायटॅनियमला नाही. टायटॅनियम, झिर्कोनियम, सिलिकॉन यांच्या ऑक्साइडमधून मुख्यतः ऑक्सिजन आत जातो. धातू जिथल्या तिथे ऑक्साइड होतो, मधे काही रिकामं उरत नाही. १९२३ चं पिलिंग आणि बेडवर्थ यांचं आकारमानाचं गुणोत्तर (ऑक्साइड धातूच्या किती पट जागा घेतं ते) पाहून पोकळीचा अंदाज बांधायची चूक पुष्कळ जण करतात. ते गुणोत्तर ऑक्साइड धातू झाकेल की नाही हे सांगतं. कोण कुठे सरकतंय हे ते सांगत नाही. टायटॅनियमचं सुमारे १.७३ आणि निकेलचं १.६५, आकडे जवळजवळ सारखे, वागणूक उलटी.

अशा वेळी साचा घ्यावा लागतो. ४० मिली पाण्यात ३.६ ग्रॅम ग्लुकोज विरघळवून टेफ्लॉनचं अस्तर असलेल्या ५० मिलीच्या ऑटोक्लेव्हमध्ये (दाब सहन करणाऱ्या बंद भांड्यात) १८० अंशांना सहा-आठ तास ठेवलं की कार्बनचे गोळे मिळतात. भांडं चार पंचमांशाच्या वर भरू नका. घरचा कुकर यासाठी निरुपयोगी आहे, तो १२० अंशांच्या आसपास थांबतो. गोळ्यांच्या पृष्ठभागावर धातूचे आयन शोषवायचे, गाळून वाळवायचे आणि हवेत ४५०-५०० अंशांना कार्बन जाळायचा. तापमान मिनिटाला १-२ अंशांनीच वाढवा. घाई केली की आतला कार्बन एकदम पेटतो, वायू कवच फोडून बाहेर पडतो आणि हातात येतात नुसत्या करवंट्या. पांढऱ्या पावडरीत करडा रंग राहिला असेल तर कार्बन पूर्ण जळलेला नाही.

खोलीच्या तापमानाचं म्हणाल तर क्रिया सुरू होते आणि अडते. अगदी पातळ ऑक्साइडमधून इलेक्ट्रॉन पलीकडे जाऊन ऑक्सिजनला चिकटतात आणि पापुद्र्यात प्रचंड विद्युतक्षेत्र तयार होतं. तेच धातूचे आयन ओढून काढतं. कॅब्रेरा आणि मॉट यांनी १९४० च्या दशकाच्या शेवटी हे मांडलं. थर दोन-तीन नॅनोमीटर जाड झाला की क्षेत्र क्षीण होतं. म्हणून लोखंडाचा दहा-पंधरा नॅनोमीटरचा कण हवेत ठेवला तर गाभा लोखंडाचा, वर पातळ कवच, अशा अवस्थेत तो दीर्घकाळ राहतो. पुढे ढकलायला उष्णता लागतेच.

प्रश्न (ॲनोडायझिंग कामगार, कुपवाड औद्योगिक वसाहत): आमच्या टाकीत ॲल्युमिनियमवर येणारा थर सच्छिद्र असतो म्हणून तर रंग धरतो. तीही छिद्रं अशीच पडतात का? ती मोठी आणि एकसारखी करायची असतील तर?

तुमची छिद्रं वेगळ्या कारणानं पडतात. ॲनोडायझिंगमध्ये, म्हणजे आम्लात वीज सोडून थर चढवताना, विजेचा दाब ऑक्साइड वाढवतो आणि ॲल्युमिनियमचे काही आयन ऑक्साइड न बनता थेट आम्लात निघून जातात. प्रत्येक छिद्राच्या तळाशी पातळ अखंड थर असतो, व्होल्टला साधारण एक नॅनोमीटरच्या हिशोबानं. विद्युतक्षेत्र तिथेच एकवटतं, म्हणून छिद्र खोल जातं, रुंद होत नाही.

तुमची नेहमीची टाकी, म्हणजे लिटरला १६५ ते २०० ग्रॅम सल्फ्युरिक ॲसिड, २० अंश, १५ व्होल्टच्या आसपास, १०-२० नॅनोमीटरची छिद्रं देते. चौरस डेसिमीटरला १ अँपिअर असेल तर मिनिटाला ०.३ मायक्रॉन थर चढतो, त्यावरून वेळ काढा. छिद्रांमधलं अंतर व्होल्टवर ठरतं: व्होल्टला सुमारे २.५ नॅनोमीटर. म्हणून १०० नॅनोमीटरचं अंतर हवं तर ४० व्होल्ट लागतात, आणि त्या दाबाला सल्फ्युरिक चालत नाही, ऑक्झॅलिक ॲसिड लागतं, लिटरला ३८ ग्रॅम. तापमान ० ते १५ अंशांत कुठेतरी पक्कं धरून ठेवा. चिलर नसेल आणि टाकीबाहेर बर्फ लावणार असाल तर द्रावण सतत ढवळा; नुसत्या कडा गार आणि पत्र्याजवळ गरम अशी स्थिती झाली की अँपिअर एकदम उसळतात, पत्र्यावर काळा किंवा पांढरट डाग पडतो आणि तिथे भोक पडतं. याला आपल्याकडे ‘जळालं’ म्हणतात, तेच.

पहिल्या खेपेला छिद्रं वेडीवाकडीच सुरू होतात, खोल गेल्यावर ओळीत येतात. जपानी संशोधकांनी १९९६ मध्ये यावर सोपा तोडगा काढला: पहिला थर विरघळवून टाकायचा आणि तळाशी उमटलेल्या खळग्यांवर दुसऱ्यांदा ॲनोडायझिंग करायचं. विरघळवायला ६ टक्के फॉस्फोरिक आणि १.८ टक्के क्रोमिक ॲसिड, ६० अंशांना. क्रोमिक ॲसिड घातक आहे. वापरलेलं द्रावण नाल्यात नाही, प्रक्रिया केंद्रातच गेलं पाहिजे. छिद्रं रुंद करायला नंतर ५ टक्के फॉस्फोरिकमध्ये ३० अंशांना अर्धा तास. बाजारचा साधा पत्रा घेतला तर मधमाशीच्या पोळ्यासारखी सुबक रचना मिळणार नाही, त्याला ९९.९९ टक्क्यांच्या वरचं ॲल्युमिनियम लागतं.

आणि असा मोठ्या छिद्रांचा माल सीलिंगला उकळत्या पाण्यात घालू नका, छिद्रं बुजतात. नेहमीच्या मालाचं सीलिंग बोअरच्या पाण्यानं बसत नसेल तर पाण्यातला सिलिकेट तपासा. तो थोडाही असला तरी अडथळा करतो.

प्रश्न (गलाई व्यावसायिक, विटा): सोनं शुद्ध करताना तेजाबातून निघतं ते तपकिरी आणि स्पंजासारखं असतं. तेही नॅनो म्हणायचं का?

हो, आणि विट्याकडच्या गलाई कारागिरांनी देशभर हे ‘नॅनो’ शब्दाच्या कितीतरी आधीपासून हाताळलं आहे. सोन्यात सुमारे तिप्पट चांदी मिसळून नायट्रिक ॲसिडात उकळलं की चांदीचं ऑक्सिडेशन होऊन ती द्रावणात जाते. मागे राहिलेले सोन्याचे अणू पृष्ठभागावर सरकत पुंजके करतात आणि नॅनोमीटरमधल्या धाग्यांचं जाळं उरतं. पोकळ ऑक्साइडशी साम्य इतकंच की एक घटक निघून जातो. फरक असा की इथे तो कायमचा जातो आणि उरतं ते ऑक्साइड नसून धातूच. सोनं जास्त ठेवलं तर ॲसिड आतपर्यंत पोचत नाही आणि चांदी अडकते. फार कमी ठेवलं तर जाळं न राहता भुगा पडतो. तपकिरी रंग रचनेच्या बारीकपणाचा आहे. तापवल्यावर धागे जाड होतात आणि पिवळा रंग परततो. निघणारा तांबूस धूर नायट्रोजन डायऑक्साइडचा. त्याचा परिणाम फुप्फुसांवर काही तासांनी दिसतो, म्हणून लगेच त्रास झाला नाही याचा अर्थ काही झालं नाही असा नाही.

प्रश्न (निवृत्त शिक्षिका, सातारा): हे सगळं करून उपयोग काय?

सर्वात जास्त काम बॅटरीसाठी चाललं आहे. लिथियम बॅटरीतलं ग्रॅफाइट ग्रॅमला ३७२ मिलिअँपिअर-तास साठवतं. कागदावर क्युप्रिक ऑक्साइड ६७४, कोबाल्टचा ऑक्साइड ८९०, लोखंडाचा १००७. अडचण अशी की लिथियम आत शिरताना हे ऑक्साइड फुगतात आणि काही फेऱ्यांत भुगा होतात. आतली पोकळी त्या फुगण्याला जागा देते. पण पोकळी म्हणजे वायाही गेलेली जागा: त्याच डबीत माल कमी बसतो, आणि पहिल्याच चार्जिंगला बरंच लिथियम अडकून पडतं. त्यामुळे प्रयोगशाळेतले ग्रॅममागचे आकडे वाचून हुरळून जाऊ नये. वायू ओळखणाऱ्या सेन्सरमध्ये मात्र उपयोग जास्त सरळ आहे. तिथे वायूला दोन्ही बाजूंनी शिरायला पातळ भिंत हवी असते, माल किती बसला याला महत्त्व नसतं.

प्रश्न (द्राक्ष बागायतदार, तासगाव): मुलानं कॉलेजात असं तांब्याचं ऑक्साइड केलंय. बोर्डोऐवजी फवारून पाहू का?

नको. बुरशीला मारतो तो सुटणारा तांब्याचा आयन. कण पोकळ असल्यानं तो किती आणि किती वेगानं सुटेल हे मोजलेलं नाही, आणि जास्त सुटला तर कोवळी पानं करपतात. बोर्डो १ टक्क्याचा म्हणजे १०० लिटरला १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना. तिथे चुना आम्लता मारतो, या पावडरीत ते काम करणारं काही नाही. मुलाला ती डबी घट्ट बंद करून, लेबल लावून कॉलेजातच ठेवायला सांगा.